लंडन: बाबांना वाईन बारमध्ये न्यायचंय, आईला उपाशी ठेवायचं नाही

द्राक्षकन्या:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

आई-बाबा जुलैच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी लंडनला येताहेत. बाबा निफाडचे द्राक्षबागायतदार. सगळा थॉमसन, खाण्याचा माल. त्यांची पेटी कितीतरी वर्षं युरोपात जातेय, पण वाईन त्यांनी आजवर जिभेला लावलेली नाही. परवा फोनवर म्हणाले, "तिथं वाईन बार असतात म्हणे. एकदा बसून बघू, लोक द्राक्षाचं काय करतात ते." मागून आई, "आणि मी काय करू तिथं, शेंगदाणे खाऊ?"

आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा सगळं खातात. पांढऱ्या टेबलक्लॉथची, सात पदार्थ एकामागून एक येणारी जागा नको, बाबा तिथे खुर्चीच्या कडेवर बसतात. साधं, गप्पा मारता येतील असं, शक्यतो मध्य लंडनमध्ये. मी इथे येऊन सहाच महिने झालेत, ऑफिस ते घर एवढंच लंडन माहीत आहे. सुचवा.

टेम्सकाठचा तात्या:
गॉर्डन्स. एम्बँकमेंट स्टेशनातून बाहेर पडलं की व्हिलियर्स स्ट्रीट. १८९० पासून चालू आहे. खाली तळघरात कमानी इतक्या बुटक्या की वाकून बसावं लागतं, उजेड फक्त मेणबत्त्यांचा. बिअर मिळत नाही, व्हिस्की मिळत नाही, फक्त वाईन. शेरी आणि पोर्ट लाकडी पिंपातून काढून देतात. खायला चीजचं ताट, ब्रेड, ऑलिव्ह. चारच्या आत पोचा. सहानंतर ऑफिसं सुटली की आत शिरायची सोय नाही.

रच्याकने (बाय द वे), लेखक किपलिंग १८८९ ते १८९१ याच रस्त्यावर राहायचा. आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस, त्यामुळे बाबांना सांगायला एक गोष्ट झाली.

कोरडा विनोद:
किपलिंगची गोष्ट सांगून निफाडच्या बागायतदाराला कसलाही फरक पडणार नाही. पिंप किती लिटरचं ते सांगा.

मिसळीचा कट:
तात्यांना अनुमोदन, पण उन्हाळ्यात गॉर्डन्सच्या बाहेर जे टेबलांचं जंगल होतं त्यात बसू नका. लोक मांडीवर ताटं घेऊन बसतात. आत जा. उन्हाळ्यात सगळे बाहेर पळतात म्हणून तळघरात जागा मिळते, हे गुपित कुणाला सांगू नका (इथे लिहिलं म्हणजे झालंच).

जुना हॅरोकर:
मला एक कळत नाही. साठी-सत्तरीचे आईवडील पहिल्यांदा येताहेत तर त्यांना बार कशाला? वेम्बलीला न्या, ईलिंग रोडवर गुजराती थाळी मिळते, पोटभर आणि शुद्ध. हाउन्स्लोला वडापाव मिळतो. आमचे आईवडील आले तेव्हा आम्ही हेच केलं आणि ते खूश होते.

बिनसाखरेची:
@जुना हॅरोकर, काका, वडापाव खायला नऊ-दहा तासांचा विमानप्रवास? हलकेच घ्या. पण बार आम्ही नाही म्हणत, बाबा स्वतः म्हणताहेत. तेही द्राक्षवाले. मुंबईचा कोळी उद्या बिलिंग्जगेट मासळी मार्केट बघायला निघाला तर त्याला काय दादरला पाठवाल?

जुना हॅरोकर:
बिलिंग्जगेट बघायला पहाटे पाचला उठावं लागतं. :) असो. माझं म्हणणं इतकंच की आईचं काय ते आधी ठरवा. या देशात "व्हेजिटेरियन" म्हटलं तरी ते खरंच व्हेज असतं असं नाही. आमच्या सौ. नी एका पबमध्ये फक्त बटाट्याचे चिप्स मागवले. अर्धे खाऊन झाल्यावर कळलं की ते गाईच्या चरबीत तळलेले होते. विचारलं होतं, "व्हेज आहे ना?" पोऱ्या म्हणाला, "येस, इट्स पोटॅटो." ती बाई दोन दिवस काही खाईना. तेव्हापासून आमचा नियम आहे, कशात तळलंय ते विचारायचं. पदार्थ व्हेज आहे का, हा प्रश्न इथे अपुरा आहे.

अर्धा कप:
हे फार खरं आहे आणि चीजचंही तसंच. पार्मेजान, ग्राना पादानो, पेकोरिनो रोमानो ही चीजं पारंपरिक पद्धतीने वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणारा पदार्थ) लावतात. पार्मेजानला तर नियमच आहे, दुसरं रेनेट चालत नाही. त्यामुळे "चीज पास्ता म्हणजे व्हेज" हे आपलं समीकरण इथे फसतं. इंग्लिश चेडर बऱ्याचदा व्हेज रेनेटचं असतं, विचारलं की सांगतात. म्हणजे गॉर्डन्सच्या चीजच्या ताटातही आईंनी निवडूनच खायचं.

आणि आता बॉम्ब टाकतो. वाईनही शाकाहारी असेलच असं नाही. गढूळपणा काढण्यासाठी ती निवळतात, त्यासाठी अंड्याचा पांढरा, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला आयझिंग्लास वापरतात. अंड्या-दुधाचा अंश उरला तर लेबलवर लिहावं लागतं, माशाचं लिहावं लागत नाही. बेंटोनाइट नावाच्या मातीने निवळलेली असेल तर प्रश्न नाही. वाईन बारमध्ये "व्हीगन आहे का?" विचारा, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

द्राक्षकन्या:
बापरे. माशाचा फुगा? आई वाईन घेणार नाहीच, पण आता हे तिला सांगायचं की नाही हा नवा प्रश्न. बाबांना सांगितलं तर म्हणतील, "तुरटी का नाही फिरवत?"

कोरडा विनोद:
बाबा मला आवडायला लागलेत. पुढच्या वेळी धागा त्यांनाच काढायला सांगा.

नाइट ट्यूब:
मी सोहोमध्ये काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, लेक्सिंग्टन स्ट्रीटवर अँड्र्यू एडमंड्स. अठराव्या शतकातलं घर, टेबलं एकमेकांना खेटून, हाताने लिहिलेला मेनू रोज बदलतो. इथली ख्याती अशी की वाईनवर नफा कमी लावतात. बाकी लंडनात दुकानातल्या बाटलीची किंमत रेस्टॉरंटमध्ये तिप्पट होते, तेव्हा हे महत्त्वाचं. पण जागा लहान आहे, बुकिंग हवं, आणि शाकाहारी पदार्थ एखाद-दुसराच.

दुसरं, लॅम्ब्ज कंड्युट स्ट्रीटवर नोबल रॉट. २०१५ ला सुरू झालं. आधी त्यांचं त्याच नावाचं वाईनचं मासिक होतं, मग बार. पुढे बार, मागे रेस्टॉरंट. बारमध्ये नुसतं बसून एकेक ग्लास घेता येतो. तिथली माणसं शिकवण्याचा आव न आणता सांगतात, हे मला सगळ्यात आवडतं.

तिसरं, पिकाडिली सर्कसजवळ जमिनीखाली ब्रासरी झेडेल. संगमरवर, सोनेरी खांब, आणि दर मात्र साधे. आईबाबांना "परदेशात आलो" असं वाटेल. मोठी जागा आहे त्यामुळे अवघडायला होत नाही.

आणि एक सगळ्यांसाठी: १२५ मिलीचा ग्लास मागा. वाईन इथे १२५, १७५ किंवा त्यांच्या पटीतच विकायची असा कायदा आहे, आणि १२५ चा ठेवणं परवानाधारकांना बंधनकारक आहे. पण मेनूवर तो बारीक अक्षरात असतो आणि विचारतात ते "मीडियम ऑर लार्ज?" लार्ज म्हणजे २५० मिली, बाटलीचा तिसरा हिस्सा. पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाच्या पुढ्यात तो ठेवू नका. साध्या नळाच्या पाण्याचेही पैसे नाहीत, परवानाधारक ठिकाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" ला न घाबरता "टॅप" म्हणायचं.

बिनसाखरेची:
वाचनखूण साठवली. "टॅप" म्हणायला मला चार वर्षं लागली.

टेम्सकाठचा तात्या:
नोबल रॉट हे नाव द्राक्षवाल्याला सांगताना जपून! :)

गाडीवान:
नॅचरल वाईनवाल्या बारमध्ये चुकूनही नेऊ नका. पूर्व लंडनात दर दोन दुकानांमागे एक झालाय. गढूळ, आंबूस, वर फेस. एका ठिकाणी मला वाढणारा म्हणाला, "यात एक फार्मयार्डचा वास आहे." मी गावातून येतो हो, तो वास फुकट मिळतो.

अर्धा कप:
@गाडीवान, सरसकट नको. नॅचरल म्हणजे बाहेरून यीस्ट न घालता, सल्फाइट अगदी कमी किंवा शून्य, गाळणं-निवळणं नाही. म्हणजे तो माशाचा फुगाही नाही! चांगली असते तेव्हा फार जिवंत लागते. वाईट असते तेव्हा शिळी कांजी. कांजी आवडणाऱ्यांनी जावं.

गाडीवान:
कांजीचे ११ पौंड?

शब्दशः:
वाईन निवडण्याबद्दल एक. सगळे सांगतात की यादीतली दुसऱ्या नंबरची स्वस्त घेऊ नका, त्यावर सर्वांत जास्त नफा लावलेला असतो, कारण चिक्कू दिसू नये म्हणून सगळे तीच घेतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ससेक्स विद्यापीठाच्या दोघांनी लंडनमधल्या २४९ रेस्टॉरंटांच्या ६,३३५ वाईन तपासल्या आणि ही समजूत खोटी निघाली. सर्वांत जास्त पट किंमत यादीच्या मधल्या वाईनींवर होती. म्हणजे लाज वाटली तर दुसरी स्वस्त घ्या, बिनधास्त.

कोरडा विनोद:
लाज नाही वाटली तर पहिली.

जुना हॅरोकर:
विषय निघालाच आहे तर स्ट्रँडवरच्या इंडिया क्लबची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९५१ पासूनचा, कृष्ण मेनन त्याच्या संस्थापकांतले. जुना जिना चढून जायचं, फॉर्मायकाची टेबलं, मसाला डोसा. सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. शेवटच्या आठवड्यांत रांग रस्त्यापर्यंत आली होती, त्यातले निम्मे पहिल्यांदाच आले असावेत. आईंना तिथे न्या म्हणालो असतो.

आता पर्याय युस्टनशेजारी ड्रमंड स्ट्रीट. दक्षिणी आणि भेळपुरीवाली शाकाहारी हॉटेलं ओळीने आहेत. दिवाणामध्ये आम्ही जायचो तेव्हा स्वतःची बाटली नेता यायची. बघा, आई डोसा आणि बाबा वाईन, एकाच टेबलावर. मी एवढाही जुनाट नाही.

बिनसाखरेची:
काकांनी शेवटी सगळ्यात कामाचं सांगितलं. मागचे शब्द परत!

बाटली घेऊन जायचं म्हणाल तर व्हाइटचॅपलचं तय्यब्सही आहे, १९७२ पासूनचं पंजाबी. पण तिथे मटणाच्या चाँपा तडतडत टेबलापर्यंत येतात, आईंना तो धूर सोसेल का बघा. आणि नुसता पास्ता चालणार असेल तर बरो मार्केटचं पादेला. खिडकीत पास्ता लाटताना दिसतो. आई-बाबा लाटणं बघत उभे राहतात, अनुभव आहे. फक्त अर्धा कप यांनी सांगितलंय तो चीजचा घोळ तिथेही आहे.

नाइट ट्यूब:
डिशूम कुणी कसं म्हटलं नाही अजून?

कोरडा विनोद:
मुंबईतले इराणी बंद पडत चाललेत आणि लंडनात त्यांच्या नकलेसमोर तासभर रांग लागते, यावर बोललो तर धागा भरकटेल म्हणून.

नाइट ट्यूब:
काळी डाळ मात्र नक्कल नाही.

आजीबाईंचा बटवा:
फ्लीट स्ट्रीटवरच्या एल विनोबद्दल लिहिते. १८७९ चा जुना वाईन बार, वकील आणि पत्रकारांचा अड्डा. तिथे बायकांना बारपाशी उभं राहून पेय मिळत नसे. मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथे आणून देणार. दोघी जणी, एक वकील आणि एक पत्रकार, कोर्टात गेल्या. १९८२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा लिंगभेद आहे. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा मुद्दाम तिथे जाऊन बारपाशी उभी राहिले. मोसंबीचा रस मागितला, तो नव्हता. संत्र्याचा मिळाला.

द्राक्षकन्या, आईंना शेंगदाण्यांवर बसवू नका. बारपाशी उभं राहून काहीतरी मागवू दे त्यांना.

द्राक्षकन्या:
आजी, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "संत्र्याचा रस केवढ्याला पडला?" :)

गाडीवान:
सर्विस चार्जचं सांगायचं राहिलं. बिलात साडेबारा टक्के आधीच घातलेले असतात, खाली लिहिलेलं असतं "डिस्क्रिशनरी". म्हणजे सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं. मी एकदा एका ठिकाणी सांगितलं. मॅनेजर येऊन विचारायला लागला की नेमकं काय चुकलं, शेजारच्या टेबलाने मान वळवली, बायको टेबलाखालून पाय मारतेय. शेवटी म्हणालो, राहू दे. ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे की ही सगळी रक्कम कामगारांनाच द्यायची, मालकाने कापायची नाही. तेव्हापासून मीही वाद घालत नाही.

(मध्ये बरेच दिवस धागा शांत.)

द्राक्षकन्या:
मंडळी, आई-बाबा परवा परत गेले. ऑक्टोबर छाटणीची तयारी करायची होती, एक दिवस जास्त थांबले नाहीत. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

गॉर्डन्सला पावणेचारला पोचलो. मिसळीचा कट यांचं खरं निघालं, बाहेर जत्रा आणि आत सहा माणसं. बाबा कमानीखाली वाकून बसले आणि आधी भिंतीला हात लावून बघितला, ओल आहे का. मग मेणबत्तीवर वरपासून खालपर्यंत साचलेलं मेण नखाने खरवडत बसले. १२५ चा ग्लास मागितला, पांढरी, कोरडी. त्यांनी नाकाशी नेली, एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. म्हणाले, "गोडी कुठं गेली सगळी?" मी सांगितलं की साखरेचीच दारू होते. "ते माहितीये गं. चोवीस ब्रिक्सची साखर गेली आणि हे उरलं, असं म्हणतोय." (ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातली साखर मोजायचं माप.) ग्लास संपवला मात्र. आईने चेडर खाल्लं, रेनेट विचारून. तिने विचारलं, मी नाही. इंग्रजीत. घरून पाठ करून आली होती.

तिथे नाही, पण दुसऱ्या एका ठिकाणी बिलात सर्विस चार्जचे साडेबारा टक्के बघून बाबा म्हणाले, "ही आडत. पण सांगून घेतात आणि नको म्हणायची सोय ठेवतात, आपल्या मार्केटात असं कोण विचारतं?"

मग नोबल रॉट. तात्या, तुम्ही सांगितलं होतं जपून, पण नावाचा अर्थ सांगावाच लागला. बोट्रायटिस नावाची बुरशी लागलेली द्राक्षं मुद्दाम वेलीवर ठेवतात, ती सुकतात, साखर गोळा होते आणि त्याची सगळ्यात महाग गोड वाईन होते. बाबांनी दोनदा विचारलं, "मुद्दाम?" आमच्याकडे घडात असा एक मणी दिसला की शेजारचे मणी काढायचे, पाऊस लागून राहिला की रात्री झोप नाही, फवारणीवर फवारणी. मी वाढणाऱ्या मुलीला सांगितलं की हे द्राक्ष पिकवतात. ती टेबलाशी उकिडवीच बसली. विचारायला लागली, मांडव कसा असतो, एका वेलीवर किती घड ठेवता. बाबांनी पेपर नॅपकिनवर वाय आकाराचा सांगाडा काढून दाखवला, तारा कुठे, ओलांडा (वेलीची आडवी फांदी) कुठे, घड खाली कसे लोंबतात. मी भाषांतर करत होते, "विरळणी"ला शब्द सापडेना, तर बाबांनी हातानेच मणी तोडून दाखवले आणि तिला कळलं. मग तिने सॉटर्नचा, म्हणजे अशाच बुरशीच्या द्राक्षांच्या गोड वाईनचा, थोडासा ग्लास आणला. बाबांनी चाखला आणि काही बोलले नाहीत. घरी येताना ट्यूबमध्ये म्हणाले, "बेदाण्यासारखं लागतं. त्या बुरशीचं तोंड आता बघवणार नाही मला, पण लागतं चांगलं."

आईचा सगळ्यात आवडता दिवस ड्रमंड स्ट्रीटचा. हॅरोकर काका, तुमचं नाव घेऊन डोसा खाल्ला.

जुना हॅरोकर:
वाचून बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा. पुढल्या वेळी हॅरोलाही या, आमच्याकडे बार नाही पण पिठलं आहे.

कोरडा विनोद:
नॅपकिन कुठे आहे?

द्राक्षकन्या:
तिने मागून घेतला.

शब्दशः:
सुंदर वृत्तांत. एक शंका, चोवीस ब्रिक्स म्हणजे थॉमसनचं नसणार ना? खाण्याची द्राक्षं त्याच्या आधीच काढतात.

द्राक्षकन्या:
बरोबर, थॉमसन आम्ही सतरा-अठराला काढतो. वाईनची द्राक्षं चोवीसपर्यंत नेतात हे त्यांना गावातल्या वाईनरीला माल देणाऱ्या मित्राकडून माहीत. आता त्या मित्राला रोज फोन चालू आहे. आई म्हणते, अर्धा एकर तरी लावतील असं दिसतंय.

पाहुणा१९:
जुना धागा वर काढतोय, क्षमस्व. डिसेंबरात सासू-सासरे येताहेत. गॉर्डन्सच्या तळघरात हिवाळ्यात जागा मिळते का?

मिसळीचा कट:
हिवाळ्यात बाहेर कुणी बसत नाही, म्हणजे सगळे आत. तीनला जा. आणि सासरे उंच असतील तर डोकं सांभाळायला सांगा.